पट्ट्याला शेवटचा हात

वस्तादांची बोटं चुरचुरायला लागली तेव्हा मुलगा कामावर निघून तासभर झाला होता. आधी त्यांना वाटलं, थंडीनं कातडी उलली असेल. मग त्यांनी खिडकीपाशी जाऊन हात उजेडात धरला. दोन बोटांची टोकं लालभडक झाली होती आणि एकाची साल सुटत होती.

उंच धुरांडी रंगवण्यात उभा जन्म गेला, म्हणून त्यांना सगळे वस्ताद म्हणत. नऊ वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि ते घरी बसले. आता तेच काम मुलगा करत होता. वस्तादांच्या वाट्याला एकच काम उरलं होतं, पण त्यावर मुलाचा जीव टांगलेला, अगदी खरोखरीचा टांगलेला. ते म्हणजे त्याचा कमरेचा चामडी पट्टा.

दर रविवारी तो त्यांच्या मांडीवर यायचा, काजळीनं माखलेला आणि ताठरलेला. ओलसर फडक्यानं काजळी पुसायची, साबणाचा फेस हलक्या हातानं फिरवायचा, सावलीत वाळवायचा. उन्हात ठेवला की चामडं तडकतं, तेल जास्त पाजलं की सैल पडतं. हे त्यांनी सुनेला इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता वाक्य तीच पुरं करायची. शिवणीचा टाका न् टाका ते नखानं चाचपून बघत. सोमवारी सकाळी मेणाच्या मलमाचा शेवटचा पातळ हात दिला, की पट्टा फडक्यात गुंडाळून मुलाकडे. मुलगा तो उघडून बघायचा नाही. बापानं दिलेला पट्टा तपासायचा नाही, ही त्यांच्या धंद्यातली जुनी रीत होती.

आजही शेवटचा हात त्यांनीच दिला होता. नाक सर्दीनं चोंदलेलं, आणि डोळ्यांचं तर विचारूच नका.

ते भिंत धरत गॅलरीत गेले. फळीवर एकसारखे दोन डबे होते. त्यांनी सुनेला हाक मारली. तिनं हात पुसत पुसत सांगितलं की खिडकीचा जुना रंग काढायचं औषध उरलं होतं, ते तिनं त्यांच्या मलमाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलंय.

खिडकीवरचे तीन थर ज्या औषधानं बघता बघता उचलले, ते शिवणीच्या दोऱ्याला काय शिल्लक ठेवणार होतं? वस्तादांनी मुलाला फोन लावला. वर चढताना तो फोन खालीच ठेवतो हे ठाऊक असूनही सात वेळा लावला. दर वेळी घंटा वाजून वाजून बंद पडली.

"बाबा, आधी हात नळाखाली धरा," सून म्हणाली.

"हात जाऊ दे खड्ड्यात. तो वर चढला असेल."

"काही होणार नाही त्यांना. तुम्ही शांत बसा बघू."

ती त्यांच्या बोटांवर पाणी सोडत होती आणि तिचा हात जरासुद्धा कापत नव्हता. वस्ताद तिच्याकडे बघतच राहिले. नवऱ्याच्या जिवावर बेतलंय हे ऐकून जिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, ती बायको कसली? डबाही तिनंच भरला होता. हा विचार डोक्यात आला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. बारा वर्षं ह्याच पोरीनं त्यांना लेकीच्या मायेनं सांभाळलं होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण असला विचार एकदा शिरला की घरजावयासारखा ठाण मांडून बसतो.

ती बोटांना लावायला काहीतरी आणायला आत वळली आणि वस्तादांनी चपला पायांत सरकवल्या. जिना उतरताना गुडघ्यांनी ब्रह्मांड दाखवलं. टॅक्सीवाल्याला त्यांनी कारखान्याचा पत्ता तीनदा सांगितला, तीनही वेळा आवाज वेगळाच फुटला. प्रत्येक सिग्नलला ते मनातल्या मनात टाके मोजत होते. आता एक सुटला असेल, आता दुसरा.

फाटकापाशी उतरून त्यांनी मान वर केली. धुरांड्याच्या वरच्या टोकाला एक ठिपका लोंबकळत होता. तो त्यांचाच पोरगा. डावा पाय दुमडून काम करायची ती ढब त्यांनीच शिकवली होती. बघता बघता ठिपका मागे झुकला, सगळा भार कमरेवर टाकून. नजर काढली तर तो पडेल असं त्यांना वाटत होतं, म्हणून ते पापणीही लववत नव्हते.

वॉचमननं त्यांना ओळखलं, दंडाला धरलं आणि आपल्या स्टुलावर बसवलं. त्यांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. पट्टा, औषध, शिवण. त्याला खाली उतरवा, पण हळू उतरवा, मागे झुकू देऊ नका.

वॉचमननं वर बघितलं, मग त्यांच्याकडे. मग तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"घाबरू नका, वस्ताद. त्याच्या अंगावर नायलॉनचा पट्टा आहे. चामड्याला इथं बंदी येऊन सहा वर्षं झाली. तुमचा तो फडक्यातच असतो, आत खुंटीला."

वस्तादांना पहिल्यांदा पुरता श्वास घेता आला. देवा, वाचला पोरगा. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"असं कसं?" ते म्हणाले. "दर रविवारी मीच तर त्याची काजळी काढतो."

वॉचमननं त्यांची नजर टाळली. "शनिवारी काम सुटलं की बाकीचे घरी जातात. तुमचा पोरगा तेवढा मागे थांबतो आणि ह्याच स्टुलावर बसून पट्ट्याला काजळी चोळतो. मी एकदा विचारलं, कशाला रे हा खटाटोप? तर म्हणाला, कोरा नेला तर बाबांनी रविवारी करायचं काय?"