वर्ग सुरू होण्याआधी

फरहानानं दारातूनच विचारलं, "बाई, तुम्ही आमच्या इमादकडून रोज प्रार्थना म्हणून घेता?"

रणजितनं टीव्ही बंद केला. त्याच्या आई, क्षमाबाई, नगरकडच्या खेड्यात आयुष्यभर शाळा आणि चर्च सांभाळून आता सौदीत यान्बूला त्याच्याकडे राहत होत्या आणि शेजारच्या कोकणी मुलांना मराठी शिकवत होत्या. "इथं धर्माचं काही काढू नकोस, माझा इकामा जाईल, देशाबाहेर काढतील," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"हो, घेते," बाई म्हणाल्या. "प्रार्थनेशिवाय माझा वर्ग कधी सुरूच झाला नाही. इमाद, म्हणून दाखव आईला."

इमाद ताठ उभा राहिला. ओंजळ पसरून, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत तो म्हणाला, "रब्बी झिदनी इल्मा."

फरहाना गोंधळली. "ही तर आमची दुआ. इल्म वाढव म्हणून अल्लाकडे मागायची. मीच शिकवली त्याला."

"तूच का!" बाई म्हणाल्या. "घाईत शिकवलीस. देवापुढं पुटपुटलेलं मला चालत नाही."