वरचा, पुढचा, नग एक

"आधी आकडा सांगा. तोंडाचं नंतर बघू," स्टोअरकीपर म्हणाला आणि दातांच्या दवाखान्यातल्या त्या लांबलचक खुर्चीत न बसता तिच्या कडेला उभा राहिला.

तीन दिवसांतला हा तिसरा दवाखाना. पहिल्या डॉक्टरांनी बत्तीस हजार सांगितले होते, दुसऱ्यांनी सत्तर. दात एकच. तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज गुरुवार. शनिवारी कारखान्यात त्याचा निरोपसमारंभ, स्टेजवर साहेबांच्या शेजारी उभं राहायचं, आणि त्याआधी दाताचं प्रकरण मार्गी लागायलाच हवं होतं.

"काका, लाजू नका. न बघता कसं सांगू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या.

"वरचा, पुढचा, नग एक. मधल्या दोनांपैकी डावा."

"दुखतोय?"

"एकोणीस वर्षं."

"आणि अजून ठेवलाय?"

"नोकरी होती."

डॉक्टरीणबाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला. हाडात बसणारा स्क्रू बावीस हजार, त्यावरचा जोड सहा, वरची कॅप चौदा.

"स्क्रूचे बावीस? मी महिन्याला चार पेट्या स्क्रू वाटतो, बाई."

"तुमच्या स्क्रूने कुणी चावत नाही. दात काढायचे वेगळे हजार."

"काढायचं मी बघेन."

"दोरा बांधून ओढायचा विचार असेल तर सोडून द्या, काका! असल्या उद्योगात हाडाला धक्का लागतो. मग हाड भरायचे आणखी दहा."

"तेही धरा." तो खुर्चीला एक फेरी घालून आला. "शेजारचाही गेला तर?"

"दोन्ही मिळून नव्वदच्या पुढे."

"मग एकच. किती दिवस लागतात?"

"पाच महिने. तोवर मऊ खायचं. आणि स, श बोलताना हवा जाईल."

"भाषण करता येईल?"

"येईल की. पण लोक हसतील."

हे त्याने वहीत टिपून घेतलं.

"म्हणजे शनिवारपर्यंत काही होत नाही," तो म्हणाला. "हरकत नाही. पूर्ण पैसे आजच भरतो, मला पावती द्या. आमच्या स्टोअरचा नियम आहे. नव्या वस्तूचे पैसे भरल्याशिवाय जुनी मोडीत काढायची नाही."

आपण होऊन आगाऊ पैसे देणारा पेशंट डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी जास्त चौकशी केली नाही. बाहेरच्या टेबलावर त्याने बावन्न हजार मोजले आणि पेशंटच्या नावाचा फॉर्म स्वतःच, सुवाच्य अक्षरात भरला.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. पैसे दोघांच्या सहलीसाठी साठवलेले होते, त्यामुळे तो आधी पाणी प्यायला, मग पंखा वाढवला, मग कमी केला.

"बोला आता. किती?"

"बावन्न."

"एका दाताला? चावी बिवी मिळते का त्याची?"

"साहेबांच्या शेजारी उभं राहायचंय, अगं."

बायकोचे हात थांबले. साहेबांचे दात तिलाही माहीत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी एकही पडलेला नाही, किडलेला नाही. त्या दातांची त्याला घरच्या माणसांसारखी ओळख होती, कारण साहेब कधी रागवायचे नाहीत. हसून नाही म्हणायचे. पगारवाढीला, बढतीला, धाकट्या भावाच्या शेवटच्या आजारपणात मागितलेल्या चार दिवसांच्या रजेलाही.

"सहल काय, पुढच्या वर्षीही होईल," ती म्हणाली. "इतकी वर्षं तोंड मिटून काढलीत. घ्या करून."

शुक्रवार कसाबसा सरला. त्याने स्टोअरच्या किल्ल्या तीनदा मोजल्या.

शनिवारी साहेब पाऊण तास बोलले. "एकोणीस वर्षांत या माणसाने कागदाशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही," असं ते म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. मग त्यांनी पुष्पगुच्छ दिला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटोसाठी मनापासून हसले.

स्टोअरकीपरने गुच्छ टेबलावर ठेवला आणि खिशातलं पाकीट काढून साहेबांच्या हातात दिलं.

"आज तुम्ही आम्हाला भेट देताय होय?" साहेबांनी हसत हसत आतला कागद उलगडला. "वरचा, पुढचा, नग एक. रक्कम पूर्ण जमा." त्यांनी चष्मा वर केला. "अहो, पण पेशंट म्हणून यावर माझं नाव कसं? माझे तर सगळे दात जागच्या जागी आहेत."

"हो, साहेब," स्टोअरकीपर म्हणाला आणि त्याने उजवी बाही वर सारली.