धोंडीरामांच्या टाळ्या

टाळ्या गेल्या.

गवळणीचा शेवटचा सूर लांबत गेला आणि जिथं सगळ्या जत्रेनं कडाडून टाळ्या वाजवायच्या, तिथं शांतता पसरली. धोंडीरामांनी स्पीकरच्या मागं वाकून बघितलं. मागं धूळ होती.

"माज्या टाळ्या कुटं हायत?"

ताबीशनं मान खाजवली. सोलापुरात ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे पुष्कळ, पण जुन्या रेकॉर्डची खरखर काढायची पेटी बनवणारा तो एकटाच. त्यामुळं त्याला स्पर्धा नव्हती आणि गिऱ्हाईकही नव्हतं. बजाबाई पहिल्याच. नवऱ्याला आणि रेकॉर्डला घेऊन त्या मोहोळहून आल्या होत्या. "कंप्युटर नगं, ते नसलेलं बी घालतंय," ही त्यांची अट. म्हणून ताबीशनं जुन्या पद्धतीनं ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर जोडले होते. चरा आला की पेटीनं क्षणभर तोंड मिटायचं, चरा गेला की उघडायचं. ताबीशला स्वतःला हे घरात कधीच जमलं नव्हतं.

धोंडीराम तरुण असताना एका कंपनीनं जत्रेत त्यांची गवळण रेकॉर्ड केली होती. शेवटच्या टाळ्यांवर त्यांनी पुढचा सगळा जन्म काढला. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते म्हणायचे, "टाळ्या घेतलेल्या माणसाला हे वाढतीस व्हय?" बजाबाई म्हणायच्या, "टाळ्या न्हाईत त्या, चरे हायत." बजाबाई काही त्या जत्रेला गेल्या नव्हत्या. लग्नाआधी हा माणूस गातो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. बापानं गळ्यात बांधला, म्हणून नांदल्या. असं त्या येताजाता सांगत.

"पेटीनं खाल्ल्या टाळ्या!" धोंडीराम म्हणाले.

"टाळी मागं घुमते, आजोबा. ते घुमणं पेटी खात नाही," ताबीश डॉक्टरांच्या आवाजात म्हणाला. "हे नुसते चरे होते."

बजाबाईंनी पिशवीतून पेढे काढले. ते त्यांनी निघतानाच घेऊन ठेवले होते.

"खा रं बाळा. लई पुण्याचं काम केलंस."

धोंडीराम स्टुलावर बसले. एवढी वर्षं पुढ्यात बसलेली सगळी जत्रा एकदम उठून गेली होती. पेढा तोंडात असूनही ताबीशला वाईट वाटलं. कोपऱ्यात एखादी टाळी पडलेली असली तर सापडावी, म्हणून त्यानं आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि सुई पुन्हा शेवटच्या सुरावर ठेवली.

टाळी नव्हती. एक पोरगी ओरडत होती.

"ओ गवळणवाले! परत म्हणा की!"

मागोमाग एक पोक्त बाई दबक्या आवाजात म्हणाली, "बजे, खाली बस! रोज गाणं ऐकाय येतीस, बापाला कळलं तर तंगडं मोडंल तुजं!"

रेकॉर्ड संपली. धोंडीरामांची मान बायकोकडं हळूहळू वळू लागली.

ती पुरती वळायच्या आत बजाबाईंनी ताबीशच्या हातातला अर्धा पेढा काढून घेतला.

"बिघडलीया तुजी पेटी," त्या म्हणाल्या. "खरखर परत घाल."