डोलकाठीवरचा माणूस

"फुजैल, पुढे काय आहे? धुराडं की डोलकाठी?"

रहमानभाईंनी फोटोवरची नजर न काढता विचारलं. समोरच्या टेबलावर फुजैलचं तीन महिन्यांचं काम उभं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीची इंग्रजांची लढाऊ बोट, ड्रेडनॉट. मूळ जहाजाचा शंभरावा हिस्सा, तरी दीड मीटरहून लांब. एरवी आखातातल्या अल रय्यानच्या या वर्कशॉपमध्ये टॉवरची मॉडेलं व्हायची. जहाज हे पहिलंच.

"डोलकाठी," तो म्हणाला.

"आणि फोटोत?"

फोटोत धुराडं पुढे होतं आणि त्याला खेटून मागे डोलकाठी. नकाशातही तसंच होतं. फुजैलने ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि नकाशा काढणाऱ्याला मनातल्या मनात हसला होता. हर्णैच्या तांडेलाचा, मासेमारी बोट चालवणाऱ्याचा, मुलगा तो. जहाज पुढे जातं, धूर मागे येतो. मग टेहळणीचा माणूस धुराड्यामागे कोण चढवेल? त्याने आपल्या हिशोबाने डोलकाठी पुढे घेतली होती. अतिशहाणा, त्याचा बैल रिकामा.

"चूक नाही रे ती. बांधलंच होतं तसं. ऑर्डर ज्यांची, त्या जियाद साहेबांनीच सांगितलंय मला, वरचा माणूस भाजून निघायचा." रहमानभाई वर्कशॉपचे सुपरवायझर, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "बारा वाजता येतायत ते. जालिंदरचं काय झालं, विसरलास?"

विसरेल कसा? जालिंदरने एका टॉवरला स्वतःच्या अकलेने जास्तीचा जिना लावला होता. आठवड्याच्या आत तो साताऱ्याला घरी पोचला. इथे नियम एकच, नकाशात आपलं डोकं घालायचं नाही. फुजैलचा व्हिसा पुढच्या महिन्यात नवा व्हायचा होता. व्हिसा गेला की बायको हजरा जाणार, मुलगी फरहा जाणार, आणि फरहाची दहावी अर्ध्यावर सुटणार.

हातात तीन तास होते. त्याने पातं घेऊन डोलकाठीचे तिन्ही पाय सोडवले. जुनी भोकं बुजवली, वर लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या, रंग जुळवला. रहमानभाई मधूनमधून मागे येऊन उभे राहत आणि निघून जात.

एकदा मात्र ते बोलले. "नावाचा अर्थ माहीत आहे ना? कशालाच न भिणारी."

फुजैलला हसू आलं नाही. बोट कशाला भीत नव्हती, हे तिच्यापुरतं ठीक होतं. बनवणाऱ्याला बारा वाजायची भीती होती.

पावणेबाराला डोलकाठी धुराड्यामागे उभी राहिली. नकाशाबरहुकूम. सुटलो, असं म्हणत त्याने वर पाहिलं. डोलकाठीवरच्या मचाणात माणूस होता. टॉवरच्या मॉडेलात फुटपाथवर लावतात त्याच डब्यातला, करंगळीच्या पेराएवढा. आता त्याचं तोंड थेट धुराड्यावर आलं होतं.

फुजैल त्याच्याकडे बघत राहिला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. त्याने चिमटा उचलला.

जियाद साहेब म्हातारे होते. सगळी नोकरी बंदरावर गेलेली, त्यामुळे कामापुरती हिंदी त्यांना येत होती. फोटो हातात घेऊन ते जहाजाभोवती फिरले. दहा तोफा बोटाने मोजल्या.

"सब एक माप का," ते खुशीत म्हणाले. "ये पानी में उतरा, और बाकी सब जहाज एक दिन में भंगार."

मग त्यांचं बोट डोलकाठीवर चढलं आणि मचाणापाशी थांबलं. त्यांनी फोटो पाहिला; त्यात वर माणूस होता. पुन्हा मचाण पाहिलं.

"ऊपर आदमी नहीं है?"

रहमानभाईंनी फुजैलकडे पाहिलं. विसरलो साहेब, आत्ता लावतो, एवढं म्हटलं की भागत होतं. फुजैलच्या जिभेवर तेच होतं. फरहाची पुस्तकं त्याच्या डोळ्यांपुढे आली.

"नीचे उतारा, साहेब," तो म्हणाला. "ऊपर धुआं है."

जियाद साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला.

"किधर उतारा?"

फुजैलने बोट दाखवलं. डेकवर, पुढच्या तोफेखाली, सावलीत तो माणूस उभा होता.

जियाद साहेब वाकले. गाल मचाणाला टेकवून, एक डोळा मिटून त्यांनी तिथून समोर पाहिलं. समोर धुराड्याचं काळं तोंड होतं, दुसरं काहीच नव्हतं.

"खलास," ते म्हणाले.

या शब्दाला इथे एक अर्थ आहे, काम झालं, आणि हर्णैला दुसरा, माणूस संपला. यातला कोणता, ते फुजैलला कळेना.

म्हातारा हळूहळू सरळ झाला. "अंग्रेज ने अगला जहाज बनाया, उसमें ये लकडी आगे लिया. बाद में भूल गया. फिर से पीछे." त्यांनी रहमानभाईंकडे वळून पाहिलं. "ऐसे ही रखो, शीशे का बक्सा लगाओ, चारों तरफ. फिर इस आदमी को कोई ऊपर नहीं भेजेगा."