तिसऱ्या खिळ्यावरचं रीळ

बाबा चूळ भरायला मोरीकडे वळले आणि लेकीने भिंतीवरच्या तिसऱ्या खिळ्यावरचं लाल रीळ काढून तिथे हिरवं अडकवलं. रफूगाराच्या रिळांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा या दुकानाचा कायदा.

'ओरडा आता,' ती मनात म्हणाली. 'चांगलं तोंड सोडा माझ्यावर.'

बाबांना क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी एक गोळी वेगळी काढून दाखवली होती. ही जंतूला अंगावरचं कवच विणू देत नाही, म्हणाल्या. "म्हणजे मेल्याला नागडाच करते की!" बाबा हसले. बाई हसल्या नाहीत. ही क्वचित डोळ्यांच्या नसेवर उठते. लाल-हिरवं कळेनासं झालं तर त्याच दिवशी या. वेळेत थांबवली तर बहुतेक नजर परत येते.

परवा बाबांनी पिकलेले टोमॅटो सोडून हिरवेच चिरायला घेतले. विचारलं, तर "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" खोकला कुठे आता थांबलाय, एकही गोळी सुटायला नको, हा त्यांचा हेका.

ते परत येऊन बसले. गिऱ्हाइकाचा लाल कोट मांडीवर ओढला. हात सवयीने तिसऱ्या खिळ्याकडे गेला. रीळ आलं, दोरा तुटला, तिसऱ्या खेपेला सुईत गेला.

ओरडले नाहीत.

सुई एक धागा वरून, एक खालून चालत राहिली. हात तोच, जुना, भरवशाचा. लेक दाराला टेकून उभी होती. थांबवायला एकदा हात पुढे केला, तसाच मागे घेतला.

"घे!" बाबांनी कोट झटकून तिच्यासमोर धरला. गिऱ्हाइकासमोर धरत तसाच, ऐटीत. "शोध आता भोक. सापडलं तर मिशी उतरवीन!"

कोटाच्या छातीवर हिरवागार ठिपका होता.

तिने खाली वाकून त्यांच्या चपला पायांशी ठेवल्या. "चला बाबा. दवाखाना उघडा आहे अजून."

"का? दिसतंय?"

तिने चपला आणखी जवळ सरकवल्या. बाबांनी रफूवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"हाताला तर काही लागत नाही गं," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "कुठला रंग आहे?"