एकास आठ

इन्सुलिनची वापरलेली सुई.

इरकलीच्या काठाची पट्टी, करंगळीच्या नखाएवढी रुंद.

सलाईनची नळी. सायकलच्या ट्यूबचा तुकडा. तेलाच्या डब्याचा पत्रा.

मेणाचं लिंबू, मिऱ्याएवढं. हिरव्या दोऱ्याच्या सात मिरच्या.

डाव्या खांद्याचं हाड, नऊ वर्षांपूर्वी मोडलेलं.

हाड सोडलं तर बाकी सगळं टेबलावरच्या गाडीत होतं. हाड सुकन्याचं होतं, आणि ती त्या गाडीवर वाकून बघत होती.

गाडी हातभरही लांब नव्हती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी सुकन्या, आदिनाथ आणि आणखी सहा जणांनी मिळून एक रेसिंग कार बांधली होती. तिची ही प्रतिकृती, एकास आठ प्रमाणात. मंगळवारी ती कॉलेजच्या काचेच्या कपाटात जाणार होती. त्याआधी सुकन्याने ती तपासावी असा आदिनाथचा हट्ट होता. शर्यतीत गाडी तिने चालवली होती. वेल्डिंग त्याने केलं होतं, याच घरामागच्या वडिलांच्या शेडमध्ये.

"चूक काढ," आदिनाथ म्हणाला.

ती संगमनेरहून एसटीने आली होती. स्टँडवरून केडगावपर्यंत त्याच्या स्कूटरवर मागे बसली, तेव्हा वाटभर त्याचा शर्ट मुठीत धरून होती. "हळू रे." "अगं, तीसवर आहे!" "वीसवर घे."

आदिनाथची आई, झुंबरबाई, चहा घेऊन आल्या.

"चौदा महिने झाले, बाई. माझ्या साखरेच्या सुया सुदिक ठिवल्या न्हाईत यानं. सून आनायची सोडून हे खेळनं आनलंय घरात."

"सून यात मावणार नाही, काकू."

"मावंल असली कुटं दिसली तर सांग. तिलाबी चिकटवून टाकंल हा."

सुकन्या हसली. मग पुन्हा वाकली. सीटचा पट्टा म्हणजे काकूंच्या लुगड्याचा काठ. पुढच्या चाकाजवळ लिंबू-मिरची. स्टिअरिंगवर टेप गुंडाळलेली, एका जागी टोक सुटलेलं.

"हे सुटलं होतं, खरंच! अंगठ्याला लागायचं." ती त्या टोकाकडे बघत राहिली. "तिसऱ्या वळणावर मी उशिरा वळवली."

हे वाक्य ती नऊ वर्षं म्हणत होती. कुणी काही बोलायच्या आत म्हणून टाकायची. शर्यतीतल्या अपघातानंतर टीममधलंच कुणीतरी म्हणालं होतं, पोरीच्या हातात गाडी दिली की हेच होणार. तिने मान डोलावली होती. त्यानंतर तिने कसलंच चाक हातात धरलं नाही. दारातली स्वतःची स्कूटरसुद्धा भावाला देऊन टाकली.

आदिनाथ चहा प्यायलाही नाही. तो तिच्या बोटाकडे बघत होता.

बोट पुढच्या डाव्या चाकापाशी आलं. चाकाला सांगाड्याशी धरून ठेवणारी नळी. तिच्यावरून नख फिरलं आणि अडलं.

"इथं रंग फुगलाय. घाई केलीस."

"फुगलेलाच होता."

सुकन्याने वर पाहिलं. त्याने टेबलावर उरलेली एक सुई उचलून तिच्या हातात दिली.

"खरवड."

लाल रंग निघाला. खाली पिवळट लांबी होती, गॅरेजवाले पत्र्याचे खड्डे बुजवायला लावतात ती. लांबीखाली जोड. वेल्डिंग नळीभोवती पूर्ण फिरलेलं नव्हतं. अर्ध्यावर थांबलं होतं.

"खंडेनवमी होती," आदिनाथ म्हणाला. "सकाळी तपासताना दिसलं मला. पण तोवर वडिलांनी वेल्डिंगच्या मशिनला हार घातला होता. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावू देत नाहीत. आणि दसऱ्याला पहाटेच गाडी टेम्पोत चढवायची होती." तो थांबला. "ब्रशला हार नव्हता."

"मग ही नळी..."

"गाडी भंगारात देताना पाहिली मी. इथंच सुटली होती."

बाहेर कुणीतरी मोटार सुरू करून हौदात पाणी सोडलं. सुकन्या ते ऐकत असल्यासारखी बसली.

"म्हणजे मी वेळेवर वळवली होती."

"हो."

"माझ्या लग्नात जेवून गेलास तू, आदिनाथ. दोन वेळा जिलेबी घेतलीस. मी वाढली होती."

त्याने खरवडलेला रंग बोटाने एका बाजूला सारला.

तिने सुई जपून टेबलावर ठेवली. गाडी उचलली, उजेडात धरली, पुन्हा खाली ठेवली.

"इथं परत रंग लावायचा नाही. मंगळवारी अशीच जाईल. खरवडलेली. आणि काय खरवडलंय ते तू सांगायचं. सगळ्यांसमोर."

"सांगतो."

"स्कूटरची चावी दे."

"मी सोडतो की स्टँडवर."

"तू नंतर चालत ये आणि घेऊन जा तुझी स्कूटर."

झुंबरबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "आगं, जेवून जा की! कुटं निगालीस येकटीच?"

स्कूटर सुरू झाली, बंद पडली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पुन्हा सुरू झाली. गल्लीच्या कोपऱ्यावर आवाज मंदावला, वळला, आणि पुणे रस्त्याला लागल्यावर चढत गेला.

चौदा महिन्यांपूर्वी, चाकं, इंजिन, सांगाडा यांतलं काहीच नव्हतं तेव्हा, आदिनाथने सगळ्यात आधी तो अर्धवट जोड बनवला होता.