मुरुडची आवक

राजशेखरनं मशीन थांबवली आणि तिच्यातल्या सॉफ्टवेअरची चाळणीवाली आवृत्ती पुसायला घेतली, तेव्हा त्याच्या नखांत अजून मुरुडची माती होती. सकाळी सोमेशला समाधी देऊन तो तसाच लातूरला परतला होता. वर घरात गेलाच नाही. खाली आडत दुकानामागच्या खोलीत शिरला आणि खुर्ची ओढून बसला.

चहा घेऊन आलेली सुकन्या दारातच थबकली. "काय करलालाव?"

"सोमेशवाली परत टाकतो."

"आता? माणूस गेल्यावर?"

"हाव. जिता असताना त्या दोस्ताचं एक ऐकलं न्हाई. आता तरी ऐकतो."

सुकन्यानं चहा ठेवला आणि तिथंच तुरीच्या पोत्यावर टेकली. नवऱ्याला एकटं सोडावं असं तिला वाटेना.

भांडण तरी कशाचं होतं! ऐकणाऱ्यानं कपाळावर हात मारावा. बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद जगभरातल्या मशिनी ठेवतात. आलेली नोंद तपासायची, मग पुढच्याला द्यायची, एवढंच त्यांचं काम. तसली एक मशीन राजशेखरकडं, एक मुरुडला सोमेशकडं. दोघांकडं मिळून गुंजभराच्या वर बिटकॉइन नव्हतं, पण नाद असा की घरच्यांनी हात टेकले होते. त्यात सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या निघाल्या. व्यवहारासोबत कुणी चार शब्द लिहिले, तर सोमेशची आवृत्ती ते खुशाल पुढं पाठवायची. राजशेखरची मात्र तसली नोंद दारातूनच परत लावायची.

"आम्ही तूर बी चाळूनच घेतो," राजशेखर म्हणायचा. "हिशेबात हिशेबच पायजे. बाकी समदा कचरा."

"माणसाचा शब्द कचरा व्हय रे?" सोमेश विचारायचा.

थट्टेत सुरू झालेलं हट्टावर गेलं. एका लग्नात सोमेशनं चारचौघांत त्याला 'चाळणीवाले शेठ' म्हणून चिडवलं. राजशेखरच्या डोक्यात तिडीक गेली. "तुमच्या घरचा माल आम्ही खपवला म्हणून चूल पेटली तुमची," तो ताडकन बोलला. हे बोलायचं नव्हतं. पण जीभ सुटली ती सुटली. सोमेश पानावरून उठून गेला. माफी मागायची सोडून राजशेखरनं उलट आपल्या फोनवर त्याचा नंबरच बंद करून टाकला. चूक आपली आणि ताठाही आपलाच, अशी गत.

एक वाट तेवढी राहिली होती. सोमेशच्या घरचा माल आजोबांपासून याच आडतीवर यायचा, दुसरीकडं कधी गेला नाही. मुरुडची मशीन बसवून देताना राजशेखरनं तोच रिवाज लावला. ती मशीन जगाशी बोलणार ती फक्त लातूरच्या या मशीनमधून. "धा दारं कशाला? आपला माल आपल्याच आडतीवर," तो म्हणाला होता, आणि सोमेशनं हसून मान डोलावली होती. भांडणानंतरही ही वाट दोघांपैकी कुणी तोडली नाही.

आज समाधीवर बेल-विभूती वाहून झाल्यावर सोमेशच्या आईनं, दानम्मानं, त्याचा हात धरला. "लई वाट बघितली रे तुझी. पोटात पाणी झालतं, कूस बदलता येईना, पर डोळे दाराकडं. मी म्हणले, कुणाला तरी लातूरला धाडते. तर म्हणला, नगं आई, मी सांगावा दिलाय. राज्या येतोच."

"काकू, मला कसलाच सांगावा आला न्हाई."

दानम्मानं हात सोडून दिला. "माझं लेकरू खोटं बोलत नव्हतं," एवढंच म्हणून ती बायकांत जाऊन बसली.

येताना एसटीत राजशेखर तेच उगाळत राहिला. आईला धीर द्यायला म्हणाला असेल बिचारा. आपण जे बोललो ते ऐकल्यावर कोण कशाला सांगावा देईल? रागातच गेला तो. आणि आपण शेवटचं घोटभर पाणी पाजायलाही नव्हतो.

सोमेशवाली जुनी आवृत्ती सुरू झाली. थोड्या वेळानं पडद्यावर मुरुडचं नाव उमटलं. सोमेशची मशीन तिकडं चालूच होती. बंद करायचं कुणाला सुचलं नसावं.

मग एक नोंद आली. मुरुडहूनच. सोमेशनं स्वतःच्याच खात्यावर केलेला बारीकसा व्यवहार, आणि त्याला जोडलेले शब्द.

पुढं न गेलेली नोंद मशीन पुन्हापुन्हा पाठवत राहते, हे राजशेखरला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ही आजची नव्हती. सोमेश अंथरुणाला खिळलेला असताना ही या दारात येत होती, आणि इथली चाळणी तिला कचरा म्हणून परत लावत होती.

त्यानं ती उघडली. पहिला शब्द वाचला आणि पुढचं दिसेना. डोळे पुसले तरी दिसेना.

"काय लिवलंय?" म्हणत सुकन्या उठली. पडद्याजवळ वाकून तिनं मोठ्यानं वाचलं, "राज्या, तुझंच खरं. बरा झालो की मी बी चाळणी लावतो. एकदा येऊन जा. फोन लागत न्हाई म्हणून हितनं धाडतोय. तुझ्या आडतीवरनं आमचा माल आजपातुर कधी परत आला न्हाई."